सोमवारी मी ऑफिसात नव्हते

प्लेनो, टेक्सास
१४ मे २०२३

ती. आई आणि ती. अप्पांना साष्टांग नमस्कार.

सोमवारी फोन घेतला नाही आणि मग 'मीटिंग होती' असं कळवलं, ते खोटं होतं. मी ऑस्टिनला गेले होते, इथल्या विधानभवनात. आई, गाडीत एकटी नव्हते. छोटीच्या शाळेतल्या आणखी तिघींच्या आया होत्या, डबा होता, आणि अंधार पडायच्या आत घरी आले.

टीव्हीवर पाहिलंत ते, गोळीबार झाला ते ॲलनचं मॉल आमच्यापासून वीस मिनिटांवर आहे. आठ माणसं गेली, त्यात तीन मुलं, आणि ती हैदराबादची पोर. अप्पा, तुमचे चालायचे बूट तिथलेच. ते लक्षात आलं तेव्हा तुम्ही फोनवर नुसते गप्प झालात. दुसऱ्या दिवशी आईचा निरोप आला, 'सगळं आवरा आणि या.'

आम्ही येत नाही. दोघांनी विचार करून ठरवलंय. घराचे हप्ते आहेत, जावयांची नोकरी आहे, छोटीची शाळा आहे, पण ही कारणं तुम्हाला पटणार नाहीत आणि मलाही ती पुरत नाहीत. मध्यंतरी छोटी शाळेतून आली आणि शाळेत कोणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं ते मला शिकवायला बसली: दिवे घालवायचे, दारापासून लांब भिंतीला टेकायचं, खोकलासुद्धा दाबायचा. सात वर्षांची आहे. तिला उचलून घरी आणलं तर माझा जीव भांड्यात पडेल, पण तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसणारी बाकीची मुलं तिथेच राहतील. मला ते जमणार नाही, आई. तूच तशी वाढवली नाहीस.

गेल्या वर्षी टेक्सासातल्याच युवाल्डीला शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. गोळ्या झाडणारा मुलगा अठरा वर्षांचा झाला आणि आठवड्याच्या आत त्यानं दोन रायफली दुकानातून विकत घेतल्या, रीतसर. इथे दुकानातून पिस्तूल घ्यायला एकवीस वर्षं पूर्ण लागतात, तसल्या रायफलीला अठरा पुरतात. तेही एकवीस करा, एवढीच त्या मुलांच्या आईबापांची मागणी. सोमवारी विधानभवनातल्या समितीनं ८ विरुद्ध ५ मतांनी त्याचं विधेयक पुढे पाठवलं. शेजारी उभी असलेली अनोळखी बाई माझ्या गळ्यात पडून रडली. आणि मंगळवारी रात्री मुदत संपली, विधेयक सभागृहापुढे आलंच नाही. ॲलनला गोळ्या झाडणारा ३३ वर्षांचा होता, त्याला या कायद्यानं अडवलं नसतं, हे मला कळतं. म्हणून पहिली पायरीही चढायची नाही का? इथलं अधिवेशन दोन वर्षांतून एकदा भरतं. २०२५ला मी पुन्हा जाणार आहे.

आमच्या शेजारचे आजोबा हरणाच्या शिकारीला जातात. भला माणूस, बंदुका कुलपात ठेवतो. त्यांना वाटतं, आज वय वाढवतील, उद्या सगळंच काढून घेतील. त्यांना मी तुमच्या ठासणीच्या बंदुकीचं सांगितलं, अप्पा. वानरं आणि डुकरं राखायला घेतलेली. परवान्यासाठी पोलीस घरी येऊन चौकशी करून गेले, निवडणूक आली की ती बंदूक ठाण्यात जमा. तुम्ही कुरकुरायचात, महिनाभर केळी कोण राखणार म्हणून, पण पाठीला लावून मुकाट नेऊन द्यायचात. मी सायकलवर पुढच्या दांडीवर बसलेली असायचे, परत येताना लिमलेटच्या गोळ्या. आजोबांना खरंच वाटेना. टेक्सासात २०२१पासून एकवीस वर्षांवरच्या माणसाला पिस्तूल घेऊन फिरायला परवानाच लागत नाही.

आता जे लिहिते ते रागावून वाचू नका. इथे बंदुकीनं मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त माणसं स्वतःच्याच हातानं जातात. ते आकडे वाचताना मला नानाकाकांचा तो श्रावण आठवतो. तेव्हापासून बंदूक माळ्यावर आणि तिची दारू आईच्या कपाटात, हे तुम्हीच ठरवलंत ना? आई म्हणाली, हल्ली रात्री तुम्ही ओटीवर बसून असता, जेवणात लक्ष नाही, आणि बंदूक पुन्हा माजघरात आली आहे. वानरांसाठीच असेल. मला तुमच्यावर संशय नाही, अप्पा, शपथ. पण तुमच्या हाताला कंप आहे, आणि मी इतकी लांब आहे.

तेव्हा ती ठाण्यात जमा करून या. मी दादाशी बोलले आहे, तो रविवारी गाडी घेऊन येईल, सायकल काढायची नाही. सोमवारी डॉक्टरांकडे दोघांनी जायचं आणि झोप लागत नाही हे तुम्ही स्वतः सांगायचं, आईनं नाही. आई, तू कोकमं वाळत घालायला गच्चीवर चढायचं नाहीस, गुडघ्याला पट्टा लाव. पावसाआधी इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला माणूस येईल, पैसे दिलेत. वानरांसाठी कुंपणाचं बघते.

दिवाळीची तिकिटं काढली आहेत, तीन आठवडे. छोटीला ओटीवर तुमच्याजवळच झोपायचं आहे, अप्पा, म्हणून आत्ताच सांगतेय.

ठाण्यात पावती देतात, तिचा फोटो पाठवा.

तुमची,
बाय