जमिनीचा वाद आणि अडकलेली देणी

महोदय,

दिवाळखोरी संहिता, २०१६ च्या कलम ५३ नुसार अवसायनापूर्वीच्या, म्हणजे बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवण्याची प्रक्रिया सुरू होण्यापूर्वीच्या, २४ महिन्यांची कामगारांची देणी, तारणावरचा हक्क सोडणाऱ्या सुरक्षित धनकोंच्या (तारण घेऊन कर्ज दिलेल्या बँका वगैरेंच्या) बरोबरीने द्यायची असतात. कलम ३६ प्रमाणे भविष्य निर्वाह निधीची रक्कम अवसायन मालमत्तेत धरलीच जात नाही. मात्र कारखान्याची जमीन कंपनीच्या मालकीची की भाडेपट्ट्याची, असा वाद उभा राहिला की लिलाव अडतो आणि कामगारही. माझ्या वडिलांचा पितळी बिल्ला आणि लिक्विडेटरकडे (अवसायनाचे काम पाहणाऱ्याकडे) भरलेल्या दाव्याची, घड्यांवर फाटू लागलेली पोच आमच्या कपाटात आहे. जमिनीचा निकाल लागेल तेव्हा लागो. निर्विवाद कंपनीच्याच असलेल्या, पावसात गंजणाऱ्या यंत्रांची विक्री तरी आधी करून त्यातून कामगारांना पहिला हप्ता द्यावा.

– एका कामगाराचा मुलगा, ठाणे