आधी भाकरी ठरव

मंगळवेढा
संक्रांतीनंतरचा रविवार

चि. प्रसाद यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "अण्णा, तुम्ही रोज रात्री करता तरी काय? मला तर ऑफिसातून आल्यावर काही सुचतच नाही." तुझी आई ड्यूटीवरून यायची वेळ झाली होती आणि आमटीला उकळी आलेली, म्हणून तेव्हा बोलणं उरकतं घेतलं. पण प्रश्न डोक्यात राहिला. आज निवांत लिहितो.

न सुचण्याचं कारण मला असं दिसतं की तू कालवणापासून सुरुवात करतोस. पनीर करू का, छोले भिजवायचे राहिले, अंडी संपली, असं करत साडेआठ होतात, आणि मग मोबाइलवरून मागवणं सोपं वाटतं. आपल्या घरात रात्री आधी भाकरी ठरते. एकदा भाकरी ठरली की तिच्याबरोबर काय जातं हे ठरवायला वेळ लागत नाही, कारण ज्वारीच्या भाकरीला लागणारं सगळं घरात असतंच. बेसन, तूरडाळ, शेंगदाणे, लसूण, तिखट, आणि बाजारात त्या दिवशी आलेली पालेभाजी.

गेल्या आठवड्यातलंच सांगतो. भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि मिसळीची भाजी झाली: वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, दोन बोरं, वर तिळाचं कूट. आईला ती दुसऱ्या दिवशी जास्त आवडते, म्हणून मुद्दाम जास्तीची केली. एका रात्री ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी केली. दाणे तव्यावर डाग पडेपर्यंत भाजायचे, लसूण-जिरं-कोथिंबीर घालून जाडसर वाटायचे, फोडणी देऊन काळा मसाला आणि पाणी. ही आमटी जानेवारीतच खाऊन घ्यावी, पुढे दाणा निबर होतो. एकदा हरभऱ्याचे कोवळे शेंडे आणले होते. शेंडे खुडले की झाडाला फुटवे जास्त येतात, त्यामुळे शेतकऱ्याचं पीकही सुधारतं आणि आपल्याला भाजी मिळते. तिला अंगचाच आंबटपणा असतो, चिंच-आमसूल काही लागत नाही. लसणाची फोडणी आणि दाण्याचं कूट एवढ्यावर होते. आणि ज्या दिवशी आईची ड्यूटी लांबली, त्या दिवशी मूगडाळीची खिचडी, तूप, भाजलेला पापड. त्या रात्री भाकरीला सुट्टी.

पण तुझं काम भागेल ते भाकरी आणि पिठल्यावर. हे दोन जमले की बाकीचं आपोआप येईल. म्हणून ते नीट लिहितो.

पिठाचं आधी बघ. ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आण. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि मग कितीही मळलं तरी भाकरी कडेनं फाटते. पाकिटातलं पीठ कधी दळलेलं असतं ते आपल्याला कळत नाही, तेव्हा तिथे गिरणी शोधून ठेव. परातीत दोन वाट्या पीठ घे, मधे खळगा कर, त्यात उकळतं पाणी ओत, उलथण्यानं कालव आणि पाच मिनिटं झाकून ठेव. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, पिठाला पीठ धरून ठेवणारं काही नसतं. गरम पाण्यानं त्यातला स्टार्च फुलतो आणि चिकटपणा येतो. थापणाऱ्या बायकांना हे पिढ्यान्पिढ्या हाताला माहीत आहे. मला ते तुझ्या आजीनं दाखवलं आणि त्याचं कारण शेतीच्या नोकरीत लागल्यावर कळलं.

मग एका भाकरीपुरताच गोळा घे आणि तळहाताच्या टाचेनं जोर लावून मळ, लागेल तसा पाण्याचा हात लावत. इथे घाई करू नकोस. भाकरी बिघडते ती थापताना नाही, मळताना. परातीत कोरडं पीठ भुरभुरून गोळा ठेव आणि बोटांनी कडेकडेनं थापत, फिरवत मोठी कर. तवा चांगला तापलेला हवा. भाकरी टाकताना पिठाची बाजू वर येऊ दे आणि लगेच तिच्यावर पाण्याचा हात फिरव. पाणी पुरतं सुकायच्या आत उलट. दुसरी बाजू चांगली भाजू दे, मग उचलून आधी तव्याला लागलेली बाजू थेट आचेवर धर. फुगली, पापुद्रा सुटला, की झाली. सुरुवातीला जाड थाप, लहान थाप. पातळपणा हाताला हळूहळू येतो.

पिठल्याला भाकरीइतकाही वेळ लागत नाही. आईला पातळ आवडतं, म्हणून मी एक वाटी बेसनाला चार वाट्या पाणी घेतो. तुला घट्ट आवडायचं, तू तीन घे. बेसन थोड्या गार पाण्यात आधी कालवून गुठळ्या मोडून ठेव. तेलात मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण भरपूर, हिरवी मिरची, कढीपत्ता, हळद; वाटलं तर कांदा. लसूण तांबूस झाला की पाणी घालून मीठ टाक. उकळी फुटली की एका हातानं ढवळत दुसऱ्या हातानं बेसन सोड. झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटं शिजव. बेसनाचा कच्चा वास गेला पाहिजे, पोट दुखतं ते त्यानंच. भाकऱ्या भाजत असताना शेजारच्या शेगडीवर हे होऊन जातं. दोन माणसांचं जेवण पाऊण तासात ताटात येतं.

शेंगाची चटणी मात्र सुट्टीच्या दिवशी करून ठेव. शेंगदाणे मंद आचेवर सावकाश भाजून सालं काढ. लसूण, जिरं, लाल तिखट, मीठ घालून खलबत्त्यात कूट. मिक्सरमध्ये तिची पूड होते. कुटताना दाण्याला तेल सुटून चटणी आपोआप एकमेकीला धरते, सोलापूरची चव तीच. तेल सुटेपर्यंत कुटत राहा. बरणीत भरून ठेवली की पंधरा दिवस कशालाही चालते, आणि ज्या रात्री काहीच करायची ताकद नसेल त्या रात्री भाकरी, चटणी, दही, कांदा एवढ्यावर जेवण होतं. त्याला जेवण म्हणायला संकोचू नकोस. आम्ही कितीदा तसं जेवतो.

माझ्या कामाची सवय म्हणून एक सांगतो. ज्वारीत लायसिन, म्हणजे प्रथिनातला एक आवश्यक घटक, कमी असतं आणि ते डाळीत, बेसनात भरपूर असतं. भाकरीबरोबर पिठलं, भाकरीबरोबर आमटी, हुलग्याची शेंगोळी ही जोडी पोटाला पुरी पडते. जिमवाल्या प्रोटीनच्या डब्याच्या मागे लागण्याआधी ही जोडी काही महिने नेमानं खाऊन बघ.

आणि ज्वारी मी पाठवतो तीच खा. मालदांडी आहे. मालदांडी ३५-१ हा वाण आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला स्थानिक ज्वारीतून निवडून काढला, १९३० च्या दशकातली गोष्ट. त्यानंतर जास्त उताऱ्याचे किती वाण आले, नोकरीत असताना मीच त्यांची प्रात्यक्षिकं घेतली, पण घरच्या भाकरीसाठी शेतकरी पोतंभर मालदांडी बाजूला ठेवतोच. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची आणि काळ्या रानातल्या ओलीवर वाढवायची. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या ऑफिसात पेढे वाटले होते. तुझी आजी तेव्हा होती. तिनं विचारलं, "म्हणजे आता काय होणार?" मी सांगितलं, की आपल्या ज्वारीचं नाव दुसऱ्या कुणाला लावता येणार नाही. त्यावर ती म्हणाली, "बरं झालं." १९७२ च्या दुष्काळात तिनं दुष्काळी कामावर खडी फोडली होती, रेशनची लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, दळून आम्हाला वाढली होती. नंतर सुगी आली तरी तिनं भाकरीचा तुकडा कधी टाकला नाही. रात्रीची उरलेली भाकरी सकाळी कुस्करून कांदा-शेंगदाण्याच्या फोडणीत, हे तिचंच. तूही उरली तर तसंच कर, ऑफिसला जायच्या आधीचा नाष्टा होतो.

बाहेरचं अजिबात खाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. मित्र आले, वाढदिवस आहे, जरूर खा. पण रोजचं रात्रीचं जेवण घरात शिजावं असं मला फार मनापासून वाटतं. तू सकाळचा डबा ऑफिसच्या टेबलावर खातोस, समोर कॉम्प्युटर असतो. दिवसातून एकदा तरी तुझ्या हातचं, गरम, खाली बसून खा. तुझ्या खोलीतल्या मित्रालाही हाताशी घे. तो नागपूरचा आहे म्हणालास ना, मग झुणका त्याला येत असेल. त्याला तिखटाचा अंदाज घेऊ दे, तू भाकरी थाप.

ज्वारी निवडून ठेवली आहे, दहा किलो. बुधवारी शेजारचे पुण्याला गाडीनं येणार आहेत, त्यांच्याबरोबर देतो. सोबत आईनं काळा मसाला दिलाय आणि आजीचा लहान खलबत्ता. तवा तिथे बिडाचा घे, नॉनस्टिकवर भाकरी नीट भाजत नाही. पहिल्या भाकऱ्यांचा फोटो आईला पाठव, ती रोज विचारते.

तुझे,
अण्णा