सुई वापरतो एक, टोचते दुसऱ्याला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तेहतीस वर्षं रुग्णालयात परिचारिका म्हणून काढली. निवृत्त झाले, पण एक सकाळ अजून डोळ्यांपुढून हलत नाही. आमच्या वॉर्डातल्या सफाईच्या मावशी लाल पिशवीचं तोंड बांधत होत्या आणि आतली सुई हातमोज्यातून थेट अंगठ्यात घुसली. त्यांनी मोजा काढला, अंगठा तोंडात धरला आणि दुसऱ्या हाताने पिशवी उचलली. मी त्यांना ओढतच नळाखाली नेलं, साबणाने हात धुवायला लावला. त्या मात्र एकच विनवत होत्या, "सिस्टर, सुपरवायझरला सांगू नका, आजचा खाडा पडेल."

ती सुई पिशवीत असायलाच नको होती. सुया जातात पांढऱ्या, जाड डब्यात. लाल पिशवी नळ्या आणि सलाइनच्या बाटल्यांसाठी. घाईत कुणीतरी, कदाचित आम्हा सिस्टरांपैकीच कुणी, ती तिथे टाकली होती.

सुई टोचली की सगळ्यांना आधी एचआयव्ही आठवतो. बाधित सुईने त्याचा धोका हजारात साधारण 3 असतो. हिपॅटायटिस बीचा मात्र, लस घेतली नसेल तर, शंभरात 30पर्यंत जातो. आणि लस तर आहे! सहा महिन्यांत तीन डोस. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला ही लस आणि वर्षातून एकदा तपासणी सांगितली आहे. त्यात कायम आणि कंत्राटी असा भेद नाही. मी पाहिलं ते असं, की पहिला डोस मिळतो, तिसऱ्याच्या वेळेपर्यंत ठेकेदार बदललेला असतो आणि नव्याकडे कागदच नसतो. लसीची नोंद रुग्णालयानेच ठेवावी, ठेकेदारावर सोडू नये.

एचआयव्ही प्रतिबंधाच्या गोळ्या 72 तासांच्या आत, खरं तर पहिल्या दोन तासांतच सुरू व्हाव्या लागतात आणि 28 दिवस घ्याव्या लागतात. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने त्या देणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. पण खाड्याच्या भीतीने बाई बोललीच नाही, तर ते तास असेच निघून जातात. सुई टोचल्याचं सांगणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही, एवढं प्रत्येक रुग्णालयाने लेखी द्यावं आणि वॉर्डात मराठीत लावावं. आमच्या मावशींच्या तपासण्या सहा महिने चालल्या. शेवटचा रिपोर्ट चांगला आला, तेव्हा त्या ड्रेसिंग रूममध्ये स्टुलावर बसून कितीतरी वेळ रडत होत्या.

घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हात जोडून विनंती. सुई सुट्या कचऱ्यात टाकू नका. जाड प्लास्टिकच्या बाटलीत जमवा, झाकण घट्ट लावा, वर 'सुया' असं लिहा आणि घंटागाडीवाल्या ताईंच्या हातात सांगून द्या.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सातारा