काचेच्या नळीचे मोल

महोदय,

आवणीच्या, म्हणजे भाताची रोपे लावण्याच्या, दिवसांत सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. गेल्या पावसाळ्यात पेठकडच्या माझ्या एका नातलगाला दंश झाला, तेव्हा जवळच्या आरोग्य केंद्रात प्रतिसर्पविषाच्या कुप्या होत्या. परंतु रक्ताची साधी चाचणी करण्यासाठी काचेची नळी नव्हती, म्हणून त्याला तसेच नाशिकला पाठवण्यात आले.

घोणस किंवा फुरसे चावल्यास रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. अशा वेळी सुमारे २ मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवून नंतर नळी तिरकी करायची आणि रक्त पातळच राहिले असेल, तर प्रतिविष सुरू करायचे, एवढीच ही चाचणी आहे. तिला ना वीज लागते, ना यंत्र. मात्र नळी काचेचीच हवी. प्लॅस्टिकच्या नळीत किंवा साबणाने धुतलेल्या काचेतही निष्कर्ष फसवा ठरू शकतो. (नेमकी हीच बाब खरेदीच्या यादीत कोणाला महत्त्वाची वाटत नसावी.) नाग आणि मण्यार यांच्या दंशात या चाचणीवर विसंबता येत नाही; तेथे श्वास सांभाळण्यासाठी अंबू बॅग (हाताने दाबून रुग्णाला श्वास देण्याची पिशवी) आणि ती वापरता येणारे हात हवेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला. जिल्हा परिषदेने पुढील आवणीपूर्वी प्रत्येक आदिवासी केंद्रातील कुप्यांबरोबर नळ्या आणि अंबू बॅगाही मोजाव्यात, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक