वय शून्य धरून काढलेला निकाल

मा. संपादक,

एमडी, फिजिओथेरपी, नर्सिंग, सायकॉलॉजीचे विद्यार्थी थिसिसची आकडेमोड घेऊन माझ्याकडे येतात, आणि एकच चूक इतक्या थिसिसमध्ये दिसतेय की आता पेपरमधूनच सांगावंसं वाटलं.

प्रकार असा. त्याच पेशंटची एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा सांगणारी तपासणी) सुरुवातीला, ३ महिन्यांनी आणि ६ महिन्यांनी मोजली, एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये रिपीटेड मेझर्स (त्याच पेशंटच्या वारंवार घेतलेल्या रीडिंगची तुलना) चालवलं, वेळेची ओळ, म्हणजे रीडिंग वेळेनुसार बदललं का हे सांगणारी, सिग्निफिकंट आली, म्हणजे बदल नुसता योगायोग वाटत नाही. मग गाइड म्हणतात वयाचाही फरक पडत असेल, वय कोव्हेरिएट (हिशेबात धरायची जादाची गोष्ट) म्हणून टाक. टाकलं की त्याच ओळीतली पी व्हॅल्यू (जितकी लहान तितका पुरावा भक्कम) एकदम वर जाते आणि थिसिसमध्ये वाक्य येतं, "वय कंट्रोल केल्यावर काही बदल दिसला नाही". (तुलनेसाठी कंट्रोल ग्रुप नसताना वेळेनुसार झालेल्या बदलाला उपचाराचा परिणाम म्हणणं हा अजून वेगळा विषय.)

पण आउटपुटमध्ये तसं काही लिहिलेलंच नसतं! कोव्हेरिएट टाकला की एसपीएसएस वेळ आणि वय यांचं इंटरॅक्शन (वयानुसार बदल कमी-जास्त होतो का हे दाखवणारा भाग) स्वतःहून मॉडेलमध्ये घालतं, आणि मग वेळेच्या ओळीचा प्रश्नच बदलतो: वय शून्य असेल तर रीडिंग किती बदलेल? समजा एचबीएवनसीमधली घट वयाच्या दर वर्षामागे ०.०२ ने जास्त होतेय आणि ५० वर्षांच्या पेशंटमध्ये ती १ आहे, तर ही रेषा मागे नेली की शून्य वयाला घट शून्य येते, म्हणजे औषधाने सगळ्यांना फरक पडला तरी टेबल म्हणणार बदल नाही. अभ्यासात तर एकही बाळ नव्हतं. त्यात गोंधळ असा की खालची एस्टिमेटेड मार्जिनल मीन्सची (मॉडेलने काढलेल्या सरासरींची) टेबलं वयाच्या सरासरीला काढलेली असतात, तळटीपेत ते लिहिलेलंही असतं, म्हणून तिथे फरक सिग्निफिकंट आणि वर नाही, आणि मुलांना वाटतं सॉफ्टवेअरच बिघडलं.

उपाय दोन मिनिटांचा आहे. कम्प्यूट व्हेरिएबलमध्ये जाऊन वयातून सरासरी वय वजा करायचं आणि तो नवा कॉलम कोव्हेरिएट म्हणून द्यायचा, यालाच सेंटर करणं म्हणतात, आता शून्य म्हणजे सरासरी वयाचा पेशंट. फक्त सरासरी त्याच पेशंटची घ्या जे खरंच ॲनालिसिसमध्ये आहेत, कारण एक जरी रीडिंग नसेल तर एसपीएसएस इथे तो अख्खा पेशंट गाळतं. वेळ गुणिले वय ही इंटरॅक्शनची ओळ मात्र यामुळे बदलत नाही, आणि बदलावर वयाचा फरक पडतो का याचं उत्तर तिथेच आहे. बिटवीन सब्जेक्ट्सच्या (पेशंट-पेशंटमधल्या फरकाच्या) टेबलमधली वयाची ओळ दाखवून ते उत्तर देऊ नका, ती तिन्ही रीडिंगच्या सरासरीबद्दल बोलते, बदलाबद्दल नाही. दोन ग्रुप असतील आणि तुमचा मुद्दा वेळ गुणिले ग्रुप हा असेल तर नेहमीच्या मॉडेलमध्ये तीही ओळ तशीच राहते, त्यामुळे घाबरू नका.

अजून एक, सुरुवातीचं रीडिंग रिपीटेड रीडिंगच्या पहिल्या खान्यातही टाकायचं आणि कोव्हेरिएट म्हणूनही टाकायचं हे कृपया थांबवा. रँडम ट्रायल असेल, म्हणजे ग्रुप चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेले असतील, तर ते कोव्हेरिएटमध्ये ठेवा आणि नंतरची रीडिंगच फक्त रिपीटेड घ्या. ग्रुप रँडम नसतील तर जपून, सायकॉलॉजीच्या चाचण्यांचं संख्याशास्त्र अभ्यासणाऱ्या फ्रेडरिक लॉर्डने १९६७ मध्येच दाखवलंय की सुरुवातीच्या वजनासाठी ॲडजस्ट केलं तर एक निष्कर्ष निघतो आणि नुसता वजनातला फरक घेतला तर दुसराच. आणि दर व्हिजिटला बदलणारी गोष्ट, जसं की औषधाचा डोस, या कोव्हेरिएटच्या खान्यात बसतच नाही, त्यासाठी मिक्स्ड मॉडेल नावाची वेगळी पद्धत लागते.

मला राग विद्यार्थ्यांचा येत नाही, त्यांना हे कोणी शिकवलेलंच नसतं. पण पेशंटनी सहा-सहा महिने येऊन रक्त दिलेलं असतं आणि चांगला निकाल एका ओळीच्या चुकीच्या वाचनामुळे "नाही" म्हणून कपाटात जातो, हे बघवत नाही. गाइड आणि परीक्षकांना माझी विनंती आहे की व्हायवामध्ये एवढं तरी विचारा, कोव्हेरिएट सेंटर केला होता का, आणि नसेल तर ॲनालिसिस परत करून आणायला सांगा.

आपला,
संख्याशास्त्राचा एक शिक्षक, सांगली