हुमणीवरची बुरशी दुकानातच मरते आहे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

उसाची मुळे खाणाऱ्या हुमणी या अळीच्या बंदोबस्तासाठी मेटारायझियम ही मित्रबुरशी वापरावी, असे कृषी विभागापासून साखर कारखान्यांच्या ऊसविकास अधिकाऱ्यांपर्यंत सगळेच सांगतात. सल्ला योग्य आहे आणि गेली काही वर्षे मी तो पाळतो आहे. परंतु ही बुरशी प्रयोगशाळेतून शेतकऱ्याच्या बांधापर्यंत ज्या रीतीने येते, ती रीतच तिचा जीव घेते, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पहिल्या वर्षी मी तालुक्याच्या गावातील एका दुकानातून पुडे आणले. ते पत्र्याच्या शेडमध्ये, युरियाच्या थप्पीवर उन्हाळाभर पडून होते आणि उत्पादनाची तारीख शाई फिस्कटल्यामुळे वाचता येत नव्हती. सांगितल्याप्रमाणे शेणखतात मिसळून टाकले. ऑगस्टच्या अखेरीस खोडव्यातली (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाची) बेटे पिवळी पडू लागली, हाताने ओढली की मुळांशिवाय उपटून येऊ लागली, आणि खाली मातीत जाडजूड हुमणी धडधाकट निघाली. अर्धा एकर खोडवा गेला. त्या वर्षी आमच्या शिवारात ‘बुरशीबिरशीने काही होत नाही’ असे जे बोलणे सुरू झाले, ते अजून थांबलेले नाही.

पुढच्या वर्षी मी एका शासकीय प्रयोगशाळेतून ताजी बुरशी आणली, सावलीत ठेवली आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर, ओल असताना, सरीत टाकून मातीआड केली. सप्टेंबरमध्ये बेटाशेजारी खणले तेव्हा मेलेल्या अळ्या सापडल्या. त्या कुजलेल्या नव्हत्या. खडूसारख्या कडक झाल्या होत्या आणि अंगावर गर्द हिरवी भुकटी होती, जी बोटाला लागली की हळदीसारखी चिकटून राहत होती. ती भुकटी म्हणजे बुरशीचे नवे बीजाणू.

ही बुरशी कीटकाच्या पोटात जावी लागत नाही. बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतो, ओलीत उगवतो, कातडी विरघळवून आत शिरतो आणि आतून अळी पोखरतो. याला साधारण आठवडा ते दहा दिवस, थोराड अळीत त्याहूनही जास्त वेळ लागतो. औषध टाकून दुसऱ्या दिवशी मेलेल्या अळ्या शोधणाऱ्याची निराशा होणारच, आणि हे विक्रेत्याने पुडा हातात देतानाच सांगायला हवे. उन्हाने बीजाणू मरतात, कोरड्यात उगवत नाहीत, बुरशीनाशकात मिसळले तर संपतात. जमिनीतला अंधार आणि ओल मात्र त्यांना मानवते, म्हणून हुमणीसारख्या मातीतल्या किडीवर ही बुरशी विशेष उपयोगी आहे. हा शोध नवाही नाही. 1879 साली रशियन शास्त्रज्ञ मेच्निकोव्ह यांनी ओडेसाच्या परिसरात गव्हाचे नुकसान करणाऱ्या भुंगेऱ्यावर हीच बुरशी वापरून पाहिली होती, आणि तो भुंगेरा आपल्या हुमणीच्याच कुळातला.

फोरेट या रासायनिक कीटकनाशकावर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आली, ती योग्यच होती. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, हे विसरता येत नाही. पण जुने विष काढून घेतल्यावर त्या जागी जे देतो, ते चालणारे असले पाहिजे. 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली या बुरशींना नोंदणी लागते आणि एका ग्रॅममध्ये किमान 10 कोटी जिवंत बीजाणू असावेत, असे मानक आहे. कारखान्यातून निघताना ते भरतही असतील. मे महिन्यात पत्र्याखाली तापल्यावर किती उरतात, हे कोण तपासतो? गुणनियंत्रण निरीक्षकांनी नमुने दुकानाच्या मांडणीवरून, तेही ऐन उन्हाळ्यात घ्यावेत. पुड्यावर उत्पादनाची व मुदतीची तारीख आणि बीजाणूंची संख्या मराठीत, ठळक, न पुसणाऱ्या अक्षरांत असावी. ज्या दुकानात थंड जागा नाही, तिथे ही बुरशी विकू देऊ नये.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे, कारण ‘जैविक म्हणजे कुणालाच अपाय नाही’ असा समज पसरला आहे. मेटारायझियमच्या जोडीला विकली जाणारी ब्युव्हेरिया बॅसियाना ही बुरशी रेशीम अळीला मारते. अगोस्तिनो बास्सी यांनी 1835 मध्ये ती प्रथम रेशीम अळीच्या रोगातच ओळखली आणि तिच्या नावात त्यांचे नाव आहे. बीड, जालना भागात तुतीचे मळे वाढत असताना शेजारच्या कपाशीवर ती फवारली जाऊ नये, हा इशारा पुड्यावर छापलाच पाहिजे.

शेवटचा मुद्दा वेळेचा. वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर हुमणीचे भुंगेरे जमतात, मग मातीत अंडी घालतात आणि जून-जुलैत निघणारी कोवळी अळीच बुरशीला लवकर बळी पडते. आमच्या भागात अनुदानाचे पुडे ऑगस्टमध्ये येतात, तोवर अळी बोटाएवढी जाड होऊन मुळे खात असते. यंदा मागणी मार्चमध्ये नोंदवून घ्यावी आणि ताजा माल मेअखेर सोसायटीत यावा, एवढी कृषी विभागाला व कारखान्यांना विनंती आहे.

आपला,
एक ऊस उत्पादक शेतकरी,
वाळवा तालुका, जि. सांगली