हेगहून बाबांना पत्र

ती. बाबा, सा. न.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत की इथे नेदरलँड्समध्ये एका पक्षाचं सरकार का येत नाही, घाईत नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितेय. इथे आपल्यासारखं एक मतदारसंघ एक खासदार असं नाहीये, अख्ख्या देशाची मतं एकत्र धरून त्या प्रमाणात १५० जागा वाटतात, पाऊण टक्क्याहून कमी मतांतही एक खासदार येतो. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धानंतर आजपर्यंत कुणालाच एकट्याला बहुमत मिळालेलं नाही, आघाडी करावीच लागते.

इथल्या पंतप्रधानांमध्ये मला मनापासून आवडतात ते विलेम द्रेस. मजूर पक्षाचे, १९४८ ते ५८ सलग पंतप्रधान, याच हेगमध्ये साध्या घरात राहायचे आणि ऑफिसला चालत जायचे. ४८ ला सभागृह १०० चं होतं, कॅथलिक पक्षाला ३२ जागा आणि यांच्या पक्षाला २७, तरी पंतप्रधान द्रेसच झाले! बरं दोघांचं मिळून बहुमत होतं तरी अजून दोन पक्ष सोबत घेतले, कारण इंडोनेशियासाठी, म्हणजे यांच्या वसाहतीसाठी, राज्यघटना बदलायची होती आणि त्याला दोन तृतीयांश मतं लागायची. पण त्याच डिसेंबरमध्ये यांच्याच सरकारने इंडोनेशियात परत सैन्य घातलं, ते मला कधीच पटणार नाही. वर्षभरात, २७ डिसेंबर १९४९ ला, तिथली सत्ता सोडावीच लागली.

म्हाताऱ्यांसाठी मात्र या माणसाने जे केलं त्याला तोड नाही. १९४७ ला मंत्री असताना गरीब वृद्धांना पेन्शन सुरू केली आणि १९५७ पासून ६५ वर्षांवरच्या सगळ्यांना, नोकरी केलेली असो की नसो, फक्त लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर १९८५ पासून. ती अजून चालू आहे, फक्त वय वाढलंय, आणि इथे राहिलेल्या प्रत्येक वर्षामागे २ टक्के जमा होतात, त्यात माझेही होतायत बाबा.

पुढे आघाड्या फुटल्याही. ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅथलिक पक्षाच्या श्मेल्झर यांनी बजेटवरून रातोरात स्वतःच्याच पक्षाच्या पंतप्रधानांचं, काल्स यांचं, सरकार पाडलं. आणि १९७७ ला मजूर पक्षाचे योप डेन औल ५३ जागा घेऊन सगळ्यात पुढे, दोनशेहून जास्त दिवस बोलणी चालली आणि शेवटी ४९ वाल्या ख्रिश्चन डेमोक्रॅट्सनी २८ वाल्या उदारमतवाद्यांशी जमवून ७७ वर सरकार केलं, फान आख्त पंतप्रधान. जिंकलेला माणूस विरोधात बसला, मला ते वाचून फार वाईट वाटलं.

७८ ला वसंतदादांचं सरकार पडलं तेव्हा गावात काय बोलत होते लोक? रविवारी फोन करते तेव्हा ते सविस्तर सांगा. आईला नमस्कार, गुडघ्याचं औषध वेळेवर घ्यायला लावा तिला.

तुमची,
माई